गाई द्या, मोटारी घ्या: युरोप–मर्कोसुर करार आणि सीमाभागातली साखर

पॅराग्वेची राजधानी असुन्सियोन इथे १७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघ आणि मर्कोसुर या दोन गटांमधल्या करारावर सह्या झाल्या. व्यासपीठावर युरोपीय परिषदेचे अध्यक्ष अंतोनियो कोस्ताही होते. गोव्यातल्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यायला नको. वडिलांचं घराणं मडगावचं, घरातलं नाव बाबुश आणि खिशात भारताचं ओसीआय कार्ड. योगायोग असा, की त्यानंतर दहाच दिवसांनी हेच कोस्ता दिल्लीत भारत–युरोप मुक्त व्यापार कराराच्या घोषणेला हजर होते. या दोन करारांत साखरेला मिळालेली वागणूक मात्र एकसारखी नाही. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्याचा या बातमीशी संबंध येतो तो तिथे.

मर्कोसुर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांचा सामाईक बाजार. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे यांनी १९९१ साली याच असुन्सियोनमध्ये तो उभा केला; बोलिव्हिया अलीकडे आला, व्हेनेझुएला निलंबित आहे. युरोपशी सहकार्याचा पहिला मसुदा १९९५ चा, व्यापाराच्या वाटाघाटी १९९९ पासूनच्या. २००४ मध्ये बोलणी मोडली, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ मध्ये ‘झालं’ म्हणून जाहीर झालं, तोवर ॲमेझॉनचं जंगल पेटलं आणि फ्रान्सच्या मॅक्रॉन यांनी हात आखडता घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये माँटेव्हिडिओत मजकूर दुसऱ्यांदा ठरला. म्हणजे वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा जन्मलेलं मूल आज नोकरीला लागलं असेल.

इतकी वर्षं का लागली? व्यवहार साधा होता: दक्षिण अमेरिकेला मांस, साखर आणि इथेनॉल विकायचं होतं, तर युरोपला मोटारी, यंत्रं, रसायनं आणि वाइन. युरोपात लोक याला ‘गाईंच्या बदल्यात मोटारी’ असंच म्हणतात. सह्या झाल्या तेव्हा युरोपची मोटार ब्राझीलला गेली की तिच्यावर ३५ टक्के आयात शुल्क लागत होतं. शंभर रुपयांची वस्तू बंदरातच १३५ ची होते, वरचे स्थानिक कर वेगळे. हे शुल्क १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येईल, इलेक्ट्रिक मोटारींना आणखी जास्त मुदत आहे. आपला मोटार उद्योग एका दिवसात उघडा पडू नये ही काळजी ब्राझीलने शेवटपर्यंत सोडली नाही. सरकारी खरेदीतही त्याने बरंच काही राखून ठेवलं.

युरोपने मात्र शेतमालासाठी दार उघडलं ते मोजूनमापून. गोमांस ९९ हजार टन, तेही ७.५ टक्के शुल्क लावून. कोंबडीचं मांस १ लाख ८० हजार टन, टप्प्याटप्प्याने. हे गोमांस युरोपच्या स्वतःच्या उत्पादनाच्या दीड टक्क्याच्या आसपास भरतं. आकडा पाहिला तर एवढ्यासाठी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्सच्या रस्त्यावर उतरायचं कारण दिसत नाही. पण शेतकऱ्याचं गणित सरासरीवर चालत नाही. सगळा कोटा महागड्या तुकड्यांचा आला तर नेमका जिथे चार पैसे सुटतात तिथेच भाव पडतो, ही त्यांची भीती खोटी नाही. दुसरी तक्रार औषध फवारणीची. युरोपात बंदी असलेली काही कीटकनाशकं ब्राझीलमध्ये सर्रास वापरली जातात. गंमत म्हणजे त्यातली काही युरोपातल्याच कारखान्यांत तयार होऊन तिकडे जातात. त्यावर बोलायला फारसं कोणी पुढे येत नाही.

राजकारण इटलीवर येऊन ठेपलं होतं. युरोपात असा करार मंजूर व्हायला २७ पैकी किमान १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या पाठीशी लागते. फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड, हंगेरी विरोधात गेले, बेल्जियम तटस्थ राहिलं. इटली त्यांना मिळाली असती तर करार तिथेच पडला असता. मेलोनी यांनी डिसेंबरमध्ये सही लांबवली, शेतकऱ्यांसाठीचा युरोपीय निधी लवकर वापरता येईल असा शब्द पदरात पाडून घेतला आणि मग होकार दिला. आपल्याकडे आघाडीतला छोटा पक्ष विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या रात्री करतो, त्यापेक्षा हे काही वेगळं नाही.

तरी सही झाल्यावर चारच दिवसांत युरोपीय संसदेने ३३४ विरुद्ध ३२४ मतांनी करार युरोपीय न्यायालयाच्या मतासाठी पाठवला. दहा मतांचा फरक! न्यायालयाचं मत यायला दीड-दोन वर्षं सहज जातात. तोवर करार तात्पुरता लागू करण्याची वाट कायद्याने खुली होती, पण संसदेला वळसा घालून ती धरणं राजकीयदृष्ट्या महाग पडू शकत होतं.

मग एवढं रखडलेलं गाडं आताच का हललं? उत्तर वॉशिंग्टन आणि बीजिंगमध्ये आहे. ट्रम्प यांनी २०२५ मध्ये ब्राझीलच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, युरोपवर १५ टक्के. चीन तर २००९ पासून ब्राझीलचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे आणि युरोपची जागा तो हळूहळू खातोय. अर्जेंटिनाचं लिथियम, ब्राझीलचं निओबियम युरोपच्या कारखान्यांना हवंय. प्रेमापेक्षा गरजेने जमलेली सोयरीक म्हणायची. मर्कोसुरच्या घरातही सगळं आलबेल नाही. अर्जेंटिनाचे मिलेई आणि ब्राझीलचे लुला यांचं एकमेकांशी पटत नाही. लुला तर सहीच्या कार्यक्रमाला आलेच नाहीत, आदल्या दिवशी रिओमध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांना भेटून मोकळे झाले. पण बाहेरच्या मालाला सगळ्यांचं शुल्क सामाईक असल्याने कुणाला एकट्याने सौदा करता येत नाही. उरुग्वेने चीनशी स्वतंत्र बोलणी करून पाहिली, शेजाऱ्यांनी लगेच डोळे वटारले.

आता साखर. ब्राझीलला युरोपमध्ये १ लाख ८० हजार टन कच्ची साखर शुद्धीकरणासाठी बिनशुल्क नेता येईल. हा नवा कोटा नाही. जुन्याच कोट्यातल्या एवढ्या साखरेवरचं शुल्क उठलं. तरी मिळालं ते मिळालंच. भारत–युरोप करारात साखर युरोपने संवेदनशील यादीत ठेवून बाहेर काढली. म्हणजे निपाणी, चिकोडी किंवा शिरोळच्या कारखान्याची पांढरी साखर युरोपला न्यायची, तर सवलतीच्या कोट्याबाहेर टनाला ४१९ युरो शुल्क आहे तसंच. जागतिक बाजारात साखरेचा भावच त्याच्या आसपास असतो, तिथे कोण नेणार?

अर्थात सगळा दोष युरोपच्या माथी मारता येत नाही. भारताने स्वतःच २०२२ पासून साखर निर्यात परवानगीवर ठेवली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सुरुवातीला १५ लाख टनांची मुभा दिली, त्याआधीच्या हंगामात १० लाख. आज उघडायची, उद्या बंद करायची, अशा निर्यातीवर कोणता परदेशी ग्राहक कायमचा विसंबेल? शिवाय दूध आणि इतर शेतमाल वाचवायला भारतानेही आपली यादी बंदच ठेवली होती, हेही विसरता येत नाही. ऊसदर आणि निर्यात अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध दावा केला होता. २०२१ च्या डिसेंबरात निकाल भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केलं आणि अपील ऐकणारं मंडळच बंद पडलेलं असल्याने प्रकरण तिथेच लटकलं आहे.

त्याच ब्राझीलच्या गटाशी भारताचा एक छोटा करार २००९ पासून लागू आहे. दोन्हीकडून साधारण साडेचारशे वस्तू, त्याही बहुतेक आंशिक सवलतीच्या. तो वाढवायची बोलणी आता सुरू आहेत. सीमाभागातल्या सोयाबीनवाल्यांनी तिकडे लक्ष ठेवलेलं बरं, कारण आपल्या बाजारात येणारं सोयातेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना आणि ब्राझीलमधूनच येतं. त्यावरचं शुल्क एका टक्क्याने हललं तरी त्याचा परिणाम लातूरपासून बैलहोंगलपर्यंतच्या अडतीत जाणवल्याशिवाय राहत नाही.