कृषिदूतांनी पाणी मोजायला शिकवावे

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमांतर्गत कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत दरवर्षी गावोगावी येतात. जलजागृतीच्या फेऱ्या निघतात, भिंतींवर घोषवाक्ये रंगतात. परंतु ते परतल्यावर विहिरींची पातळी किती खालावली, हे सांगणारे गावात कोणी उरत नाही. म्हणून कृषिदूतांनी गावातील मुलांना व युवकांना प्रथम पाणी मोजायला शिकवावे.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हे गणित शाळकरी मुलांनाही जमते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबरमध्ये नोंदवते. त्याच महिन्यांत मुलांनी गावच्या विहिरी मोजाव्यात. त्यासाठी लागतात फक्त पर्जन्यमापक, मोजपट्टी आणि नोंदवही.

हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यानुसार पिके ठरवण्याचा पायंडा पाडला आहे. अन्यत्र तो रुजायचा, तर नोंदींत खंड पडता कामा नये. कृषिदूतांची तुकडी दरवर्षी बदलते. नोंदवही मात्र गावातच राहावी आणि नव्या तुकडीने ती पुढे चालवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी ती ग्रामसभेपुढे ठेवावी.