आधी चासीला हातोडी मारा

आमच्या गोठ्याच्या मागं बोरीच्या झाडाखाली एक मॅटॅडोर तेरा वर्षं उभी होती. होती म्हणतो, कारण आता नाही. ती दुरुस्त करावी का मोडीत काढावी यावरून मागच्या साली माझं बऱ्याच लोकांशी वाजलं. त्यात पाहुणे आले, भाचा आला, गावातली शहाणी माणसं आली आणि एक हॉटेलवाला आला. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, तोंडावर उत्तर सुचत नाही. सुचतं ते रात्री, पाण्याच्या पाळीवर बसल्यावर. म्हणून इथं लिहितो.

गाडी १९८६ सालची, आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची. ही कंपनी नंतर फोर्स मोटर्स झाली. तिच्या जुन्या तीनचाकीमुळं आपल्याकडं मालाच्या कुठल्याही लहान गाडीला टेम्पो म्हणायची रीत पडली, पण मॅटॅडोरला कुणी टेम्पो म्हटलं तर आमच्या दादाला राग यायचा. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. १९९१ साली आम्ही दोघांनी ती दुसऱ्या हातानं घेतली. एक गाय विकली, वहिनींची पाटली गेली, राहिलेले सोसायटीचं कर्ज आणि थोडे उसनवारीचे. टोमॅटो तेव्हा लाकडी खोक्यात जायचा. ओतूरवरून माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, आणि पहाटेच्या आत भायखळा. पुढं भाजीचा बाजार वाशीला गेला, मग वाशी. पासिंग टनाच्या आसपासचं, आणि भरायचो आम्ही दीड-दोन टन. यात फुशारकी नाही, गुन्हाच होता तो, पण सगळेच करायचे.

ज्यांनी मॅटॅडोर चालवली नाही त्यांना एक गोष्ट सांगतो. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. माल मागं आणि जोर पुढं. माल भरून ओल्या चढाला लागली की तोंड हलकं होतं आणि पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात. आमच्या मळ्यातून सडकेला यायला एक चढ आहे. पावसाळ्यात दादा गाडी वळवून तो चढ रिव्हर्सनं चढवायचे, मान मागं वळवून. उलटी लावली की चढात वजन ओढत्या चाकांवर येतं. नवीन माणूस बघून हसायचा. आणि इंजिन कुठं? केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली. थंडीत माळशेजात बरं वाटायचं. चैत्रात डावी मांडी भाजून निघायची.

आता हॉटेलवाल्याकडं येतो. त्याचं जुन्नर भागात कृषी पर्यटन आहे. हॉटेल म्हटलेलं त्याला आवडत नाही. दारात बैलगाडी आहे, तिला बैल नाहीत. विहिरीवर मोट आहे, तिला नाडा नाही. चूल आहे, तिच्यात बल्ब लावलाय. तो आला, मॅटॅडोरभोवती दोन चकरा मारल्या, मोबाईलवर फोटो काढले आणि म्हणाला, "तात्या, ही व्हिंटेज आहे. हिला रिस्टोर करा. रंग मी सांगतो तो द्या. मी पंचाहत्तर हजार देतो. हौद्यात भोपळे, पेंढा, कंदील ठेवू. पुण्या-मुंबईच्या लोकांना खरं गाव बघायला मिळंल."

मी विचारलं, "चालू पाहिजे का?"

"चालू कशाला? कुठं जायचंय तिला?"

इथंच माझं डोकं फिरलं. बरं, भंगारवाल्याचा भाव बेचाळीस हजार होता. म्हणजे हिशोबानं हॉटेलवालाच परवडत होता, आणि घरातल्या सगळ्यांचं मत तसंच होतं. भाचा पुण्यात नोकरीला आहे, तो तर म्हणाला, मामा, आपण स्वतःच रिस्टोर करू, व्हिंटेजचं रजिस्ट्रेशन करू, वारसा आहे तो. त्यानं कायदा काढून वाचून दाखवला. मीही नंतर दुसऱ्याकडून समजून घेतला. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचा नियम केलाय. गाडी पन्नास वर्षांच्या वरची पाहिजे, मूळ रूपात पाहिजे. नवीन नोंदणीची फी वीस हजार. वेगळी नंबरप्लेट, तिच्यावर व्हीए अक्षरं. आणि मग ती गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तेल भरायला नाही तर दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच.

राजेरजवाड्यांच्या मोटारींसाठी हा नियम बरोबर असंल. ती मोटार तेव्हाही मिरवायलाच होती, आताही मिरवायलाच आहे, तिचं काही बिघडत नाही. पण मालाची गाडी? तिच्या अंगात ओझं वाहण्याशिवाय दुसरं आहे काय? तिला जपायचं तर आधी तिचं काम काढून घ्या, असं कायदा म्हणतो. आणि आमची १९८६ची. पन्नास व्हायला २०३६ उजाडंल. तोवर तिला गंजत ठेवायची, मी अठ्ठ्याहत्तरचा होईन, आणि मग वीस हजार भरून भोपळे बघायला जायचं. काम करायची ठेवावी तर दुसऱ्या बाजूनं दरवर्षी पासिंग, पर्यावरण कर, आणि पंधरा वर्षांच्या वरच्या गाडीला चढी फी. कामाच्या जुन्या गाडीला दंड आणि बिनकामाच्या जुन्या गाडीला मान. जुनी गाडी धूर करते, ब्रेक दगा देतात, तपासणी पाहिजेच, याला माझा विरोध नाही. पण तपासून चांगली निघालेल्या गाडीलाही तुम्ही म्हातारपणाचा दंड लावणार, आणि शोभेच्या गाडीला वारसा म्हणणार, हे मला पटत नाही.

गावातल्या शहाण्यांचं उलटं टोक. "तात्या, भंगार ते. नवीन घ्या, बँक दारात येते." येते की. आमच्या आळीत चार घरांपुढं नव्या पिकअप उभ्या आहेत, आणि त्यातल्या दोन महिन्यातले वीस दिवस उभ्याच असतात. हप्ता मात्र उभा राहत नाही. टोमॅटोचा भाव पडला की मालक क्रेट सोडून खडी वाहतो, भाडं मिळंल ते घेतो. नवीन गाडी वाईट नाही. पण जुनीला नुसतं जुनी म्हणून भंगार म्हणणारा आणि जुनीला नुसतं जुनी म्हणून वारसा म्हणणारा, दोघांनीही गाडीखाली वाकून बघितलेलं नसतं.

मी वाकलो. आळेफाट्याचे एक मिस्त्री आहेत, आता सत्तरीचे, त्यांना मोटारसायकलवर घेऊन आलो. त्यांनी रंगाकडं, काचेकडं बघितलंच नाही. हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन गोणपाटावर खाली सरकले. चासीच्या दोन्ही लाँग मेंबरवर पुढून मागं टकटक सुरू केली. चांगलं लोखंड खणखणतं. खाल्लेलं लोखंड भद् वाजतं, ओल्या मडक्यासारखं. पुढचा भाग खणखणला. केबिनच्या मागं, जिथून हौदा सुरू होतो, तिथं आवाज बसला. स्क्रू ड्रायव्हर दाबला तर आत गेला, आणि हातभर पापुद्रा खाली पडला. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून बाहेरून ती जागा फुगलेली, जाडजूड दिसते. अनाडी माणसाला वाटतं मजबूत आहे.

मिस्त्री खालूनच म्हणाले, "खत वाहिलंय ना?"

वाहिलं होतं. येताना गाडी रिकामी कशी आणायची? युरियाची, मिश्र खताची पोती यायची. पोतं फाटायचं, दाणे फळ्यांच्या फटीतून खाली चासीवर पडायचे, आणि वरून टोमॅटोचं आंबट पाणी गळायचं. खत हवेतली ओल ओढून धरतं. आम्ही खालून कधी धुतली नाही. पावसातून गेली की धुतली असं समजायचो. तेरा वर्षं झाडाखाली उभी होती ती नंतरची गोष्ट, खरी गाडी आम्ही चालू असतानाच खाल्ली होती. हे मला त्या दिवशी गोणपाटाशेजारी बसल्यावर कळलं आणि बरं वाटलं नाही.

इंजिनाचं उलटं. मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं चार सिलिंडरचं डिझेल. मिस्त्रींनी नोझल काढून चारी सिलिंडरात तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, तिसऱ्या दिवशी पाना घालून फिरवलं. अडखळत फिरलं. क्लच प्लेट चिकटलेली, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम, वायरिंग उंदरांनी नेलेलं, टायरला भेगा. पण त्यातलं सगळं मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलं तर काय मिळत नाही? चासीला मात्र तोड नाही. वेल्डिंग मारून पट्ट्या लावता येतात, पण पट्टी ज्याला धरायची तेच लोखंड उरलं नसंल तर वेल्डिंग हवेला मारायचं का? दुसरी चासी शोधून घातली तर कागद कुठल्या गाडीचे? मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटावर हिशोब केला. दोन लाख ऐंशी हजार, आणि "एवढं करूनही मी तुम्हाला दोन टन भरा म्हणणार नाही." माझ्या तीन एकरांचं ठिबक त्यात दोनदा झालं असतं.

हॉटेलवाल्याला हे सांगितलं तर तो हसला. "तात्या, चासी कोण बघतंय? लांबी भरायची, रंग मारायचा."

याला तुम्ही रिस्टोर करणं म्हणता? आमच्याकडं आजारी जनावराला रंगवून बेल्ह्याच्या बाजारात उभं करणाऱ्याला वेगळा शब्द आहे. तो इथं छापण्याजोगा नाही.

एवढं सगळं होईपर्यंत आम्ही एका माणसाला विचारलंच नव्हतं. वहिनींना. दादा जाऊन नऊ वर्षं झाली. सगळे एकमेकांना सांगत होते, वहिनींना वाईट वाटंल, त्यांची आठवण आहे गाडी म्हणजे. भाचा तर त्याच मुद्द्यावर अडून बसला होता. एक दिवस त्या लसूण सोलत बसल्या होत्या, मी शेजारी बसलो आणि विचारलं, "वहिनी, गाडीचं काय करू? तुम्ही सांगा."

त्या बराच वेळ सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, चौदा वर्षं मी रात्री उठून त्या गाडीचा आवाज ऐकला. आली का न्हाई, आली का न्हाई. घाटात धुकं हाय म्हणलं की झोप न्हाई. झोप यायला नको म्हणून त्यांनी तंबाखू धरली, ती पुढं सुटली न्हाई. आन् तुमी तिला रंग देऊन भोपळं ठेवणार? ठेवा. पर मला तिथं जेवायला न्यायचं न्हाई."

मी उठून गोठ्याकडं गेलो. काय बोलणार? पाटली त्यांची गेली होती, रात्री त्यांच्या गेल्या होत्या, आणि आठवणीचा भाव ठरवत होतो आम्ही.

आठवडाभरानं मिस्त्रींचाच निरोप आला. बेल्ह्याच्या बाजूला एक मंडपवाला आहे, त्याची मॅटॅडोर अजून चालते. चासी पोलादासारखी, कारण तिनं आयुष्यभर कापड आणि बांबू वाहिले, खत कधी नाही. दरवर्षी पासिंग करतो. इंजिन मात्र धूर ओकायला लागलं होतं, आणि एक दरवाजा दोरीनं बांधलेला. तो आला आणि हॉटेलवाल्यासारखी चक्कर न मारता आधी विचारलं, "गिअरबॉक्स कसा आहे?" मला माणूस आवडला. इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही दरवाजे, पुढची काच, एक दिवा आणि पाटे, असं सगळं पस्तीस हजारांना दिलं. जास्त मिळाले असते, मी ताणलं नाही. इंजिनाच्या बदलाची नोंद कागदावर करून घे म्हणून मात्र दोनदा बजावलं.

उरलेलं भंगारवाल्यानं गॅस कटरनं कापलं. त्याआधी थकलेला कर भरला, चासी नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा केला आणि नोंदणी रद्द करून घेतली. हे लोक करत नाहीत. मग कुठंतरी दुसरीच गाडी आपल्या नंबरावर फिरते आणि पोलीस आपल्या दारात येतात. काट्यावर उरलेल्या लोखंडाचे एकवीस हजार झाले. एकूण छप्पन्न. हॉटेलवाल्यापेक्षा एकोणीस हजार कमी. भाचा अजून ते एकोणीस हजार मला ऐकवतो.

निम्मे वहिनींपुढं ठेवले. त्यांनी मोजले, आणि म्हणाल्या, पाटलीचे आधी वेगळे काढा, मग निम्मे करा. ३४ वर्षांनी! बरोबरच होतं त्यांचं. पाटली तेव्हा कितीला मोडली ते दोघांनाही आठवत होतं. त्या दिवशीचाच आकडा धरला, व्याज त्यांनी सोडलं.

दिवाळीच्या आधी हॉटेलवाल्याचा पुन्हा फोन आला. गाडी गेल्याचं त्याला कळलं होतं. म्हणाला, "तात्या, निदान तोंड तरी ठेवायचं होतं. पुढचा नुसता पत्रा. भिंतीला लावला असता, दिव्यात बल्ब टाकून."

मी म्हटलं, पत्रा काट्यावर गेला आणि दिवा बेल्ह्याच्या गाडीला लागलाय. लग्नसराईत बघायला मिळंल, मंडप घालायला येते ती.