ठाऊक असलेली चूक

स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन या गावच्या टपाल शाखेतून ऑक्टोबर २०१५ मध्ये आठ हजार पौंडांची रोकड शेजारच्या गावच्या शाखेत जमा करायची होती. जमेची नोंद करताना संगणकाची स्क्रीन अडकली. शाखा सांभाळणाऱ्या बाईंनी आपण सगळेच करतो तेच केले, एंटर पुन्हा दाबले आणि मग पुन्हा. स्क्रीनवर काही हलले नाही, पण आत दर वेळी आठ हजार नव्याने जमा होत गेले. असे चार वेळा झाले. आठ हजारांची रोकड हिशेबात बत्तीस हजारांची झाली आणि चोवीस हजार पौंडांची तूट शाखेच्या नावावर चढली. पुढे तपासात निघाले की हीच चूक आधीच्या पाच वर्षांत वेगवेगळ्या शाखांमध्ये शंभराहून अधिक वेळा होऊन गेली होती. ही चूक ज्या प्रणालीतली, तिचे नाव होरायझन. १९९९ पासून ब्रिटिश पोस्ट ऑफिसने ती आपल्या हजारो शाखांत बसवली आणि फुजित्सू कंपनीने ती वर्षानुवर्षे चालवली. माहिती तंत्रज्ञानातील नीतीविषयी यंदा या पानावर लिहायचे ठरवले तेव्हा यंत्रमानवांचे बंड किंवा चालकाविना धावणाऱ्या मोटारीने कोणाला चिरडावे असले प्रश्न बाजूला ठेवले. या क्षेत्राची खरी कसोटी मला त्या अडकलेल्या स्क्रीनपाशी दिसते.

ब्रिटनमध्ये गावोगावच्या टपाल शाखा चालवणारे सबपोस्टमास्टर बहुधा पगारी नोकर नसतात. आपल्या दुकानातच ते कराराने शाखा चालवतात आणि हिशेबात तूट आली की ती भरून देण्याचा तगादा त्यांच्यामागे लागतो. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यातील जो हॅमिल्टन यांना दोन हजारांची तूट दिसली, म्हणून त्यांनी मदतकेंद्राला फोन केला. तिकडून सांगितलेली बटणे दाबताच तूट त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाली. घर गहाण ठेवून त्यांनी पैसे भरले आणि तुरुंग टाळण्यासाठी खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हाही कबूल केला. त्यांच्यासारख्या अनेकांना मदतकेंद्राने एकच उत्तर दिले, की असा त्रास होणारे तुम्ही एकटेच आहात. या प्रणालीच्या आकड्यांवर विसंबून नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतील सुमारे सातशे जणांवर खुद्द पोस्ट ऑफिसने खटले भरले होते. जुलै २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागात या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी जीव दिला असावा, असे नमूद आहे.

प्रणालीत बग होते, एवढ्याने कोणी तुरुंगात जात नाही. बग नसलेली प्रणाली आजवर कोणी लिहिलेली नाही आणि लिहील असेही वाटत नाही. माणसे तुरुंगात गेली ती काहींना ठाऊक असलेली चूक इतरांपर्यंत पोचली नाही म्हणून. फुजित्सूकडे ज्ञात चुकांची नोंदवही होती. दुरून शाखेच्या हिशेबात शिरून आकडे बदलण्याची सोय तिथल्या अभियंत्यांकडे होती, आणि पोस्ट ऑफिस मात्र असे करता येतच नाही असे वर्षानुवर्षे सांगत होते. २०१० मध्ये साठहून अधिक शाखांत जमा आणि खर्च यांचा मेळ न बसण्याचा बग सापडला. त्यावर झालेल्या बैठकीच्या टिपणात दुरुस्तीचे पर्याय मांडले होते आणि आकडे बदलले तर छेडछाडीची शंका घेतली जाईल, चालू खटल्यांवर परिणाम होईल, ही जोखीमही लिहिली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरे परगण्यातील सीमा मिश्रा यांचा खटला उभा राहिला. बचाव पक्ष हाच मुद्दा मांडत होता की प्रणालीत दोष आहे. ते टिपण ज्युरीसमोर आले नाही. मिश्रा यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकोणचाळीस जणांच्या शिक्षा एकत्र रद्द केल्या, त्यांत हॅमिल्टन आणि मिश्रा दोघींचीही नावे होती.

अशा वेळी नीतिशास्त्र काय सांगते? पाठ्यपुस्तकांत तीन वाटा असतात. कोणी परिणामांकडे पाहायला सांगतो, कोणी कर्तव्याकडे, कोणी माणसाच्या चारित्र्याकडे. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी बेंथम, मिल आणि कांट यांना समोर घेऊन तो तपशिलात मांडला आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी धरली तर काय होते, हे दाखवताना ते अमेरिकेतील एका शहराचा दाखला देतात. ट्रामची साऱ्या गावाला गरज होती, परवानगीला उशीर होत होता, म्हणून व्यवस्थापकाने लाच देऊन काम लवकर करून घेतले. सोय सगळ्यांची झाली, तरी लाच ती लाचच. बाहेरच्या परिणामावरून कृत्य जोखता येत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा टिळकांचा निष्कर्ष आहे. होरायझनमध्ये ट्रामच्या जागी विश्वास ठेवा. प्रणालीवरचा विश्वास उडाला तर देशभरातील शाखांचे जाळे कोलमडेल, ही पोस्ट ऑफिसची भीती पुष्कळांच्या हिताचीच भाषा बोलत होती, आणि त्या हिताखाली थोडी माणसे दाबली गेली.

तरीही टिळकांच्या उत्तराने या प्रश्नाचा निम्माच भाग सुटतो, असे मला वाटते. २०१० च्या त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात पाप होते, असे मानायला मी तयार नाही. एकाला रिलीजची तारीख गाठायची होती, दुसऱ्याला क्लायंट सांभाळायचा होता, तिसऱ्याने आपले टिकीट बंद केले आणि पुढचे उघडले. प्रत्येकाची बुद्धी आपापल्या चौकटीत शुद्ध राहिली आणि सगळ्यांनी मिळून एका निरपराध बाईला तुरुंगात धाडले. सॉफ्टवेअरचे कामच असे तुकड्यांत वाटलेले असते, की आपल्या तुकड्याचे टोक कोणाच्या गळ्यापर्यंत जाते हे करणाऱ्याला दिसत नाही. म्हणून या धंद्याच्या आचारसंहितेला मी एकच प्रश्न विचारेन: ज्याला चूक ठाऊक आहे, त्याने ती कोणाला सांगायची, आणि सांगितल्यावर त्याचे काय होणार?

संहिता आहेत, आणि त्या वाईट नाहीत. संगणक व्यावसायिकांची जागतिक संघटना असलेल्या एसीएमने १९६६ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, १९७२ मध्ये संहिता केली, १९९२ आणि २०१८ मध्ये ती नव्याने लिहिली. अपाय टाळा, अपायाची चिन्हे दिसली तर कळवा, वरिष्ठांनी दखल घेतली नाही तर बाहेर वाच्यता करण्याचाही विचार करा, हे सारे तिच्यात आहे. पण २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्रेसष्ट विद्यार्थी आणि एकशे पाच व्यावसायिक अभियंत्यांपुढे कामातले पेच ठेवून पाहिले, तेव्हा ही संहिता वाचायला सांगितलेल्यांचे निर्णय न वाचलेल्यांपेक्षा वेगळे निघाले नाहीत. यावरून संहिता निरुपयोगी, असे म्हणणारे आहेत. मला त्यातून वेगळेच दिसते. चार्टर्ड अकाउंटंटची संहिता तरी वाचून कोण सुधारतो? तिच्यामागे १९४९ चा कायदा आहे, ताळेबंदाखाली सही आहे आणि सही खोटी ठरली तर नाव नोंदवहीतून काढून टाकणारी संस्था आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांचेही तसेच. लाखो लोकांचे रेशन, पेन्शन आणि कर्ज ठरवणारी प्रणाली लिहिणाऱ्याला मात्र आपल्या देशात कुठेही नाव घालून सही करावी लागत नाही.

मग सगळ्यांना परवाने द्या, असे म्हणायचे का? नाही. ते करून पाहिले गेले आहे. टेक्सासने १९९८ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांना परवाने द्यायला सुरुवात केली. २०१३ पासून अमेरिकेत त्यासाठी वेगळी परीक्षाही होती, पण उमेदवारच मिळेनात म्हणून ती २०१९ मध्ये बंद करावी लागली. खुद्द एसीएमने परवान्यांना विरोध केला होता, आणि तिचे म्हणणे पोकळ नव्हते. या क्षेत्राचे ज्ञान दर चार-पाच वर्षांनी कूस बदलते. घरी बसून शिकलेल्या तालुक्याच्या गावातील मुलालाही इथे जागा मिळते, आणि परवान्याची भिंत सर्वांत आधी त्यालाच अडवील. शिवाय लग्नपत्रिकेचे ॲप लिहिणाऱ्याकडे परवाना मागण्यात काही अर्थ नाही. सही हवी ती मोजक्या ठिकाणी: जिथे प्रणालीच्या आकड्यावरून माणूस गुन्हेगार ठरतो, त्याचा हक्काचा पैसा अडतो किंवा त्याच्या शरीराला अपाय होऊ शकतो. पूल कोणीही कल्पावा, पण तो वाहतुकीला खुला करण्याआधी कोणीतरी नावानिशी जबाबदारी घेतो. तेवढेच मी मागतो आहे.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. सही मागितली की ती सगळ्यात खालच्या माणसाकडून घेतली जाईल आणि वेळ आली की बळीही त्याचाच जाईल. ही भीती खरी आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतले सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण आटोक्यात ठेवत होते. हे उघडकीला आल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखाने तिथल्या संसदीय समितीपुढे दोन-चार सॉफ्टवेअर अभियंत्यांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर भारतातल्याही ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. अमेरिकेत २०१७ मध्ये जेम्स लियांग या अभियंत्याला चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. पण त्याच वर्षी एका व्यवस्थापकालाही सात वर्षांची झाली आणि २०२५ मध्ये जर्मनीत आणखी चौघे दोषी ठरले. म्हणजे कागद शिल्लक असले की जबाबदारी वरच्या मजल्यापर्यंत चढते. त्यासाठी दोन सह्या हव्यात, एक चूक नोंदवणाऱ्याची आणि दुसरी ती वाचून तरीही पुढे चला म्हणणाऱ्याची. दुसरी सही नसेल तर पहिली हा नुसता सापळा होईल, हे मला मान्य आहे.

राहिला प्रश्न बोलणाऱ्याच्या संरक्षणाचा. हिंजवडीत काम करणारी पंचविशीतली मुलगी गृहकर्जाचा हप्ता, अप्रेझल आणि गोपनीयतेचा करार यांच्यामध्ये उभी असते. तिने एकटीने शूर व्हावे, असे सांगणे मला क्रूर वाटते. रिचर्ड रोल हे फुजित्सूचे माजी अभियंता होते. दुरून हिशेबात शिरता येते, हे त्यांनी २०१५ मध्ये बीबीसीला सांगितले, पण तोवर कंपनी सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. आपल्याकडे २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, पण तो अमलात आलेला नाही, आणि आला तरी त्याचा रोख सार्वजनिक सेवकांवर आहे, खासगी कंपन्यांवर नाही. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांनी तक्रारीची व्यवस्था ठेवावी असे कंपनी कायदा सांगतो. त्या व्यवस्थेत आर्थिक गैरव्यवहाराइतकेच प्रणालीतल्या धोकादायक चुकीला स्थान द्यायला नवा कायदाही लागणार नाही, संचालक मंडळाचा एक ठराव पुरेल.

हे सगळे ब्रिटनचे दुखणे आहे, असे कोणी म्हणेल. २०१७ ची दिवाळी आठवावी. राज्यातील शेतकरी कर्जमाफीची प्रमाणपत्रे ऐन सणात वाटली गेली आणि मग याद्या तपासताना एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावांपुढे निघाला. खरिपानंतर पैशाची वाट पाहणाऱ्या माणसाला पोर्टलवर नाव दिसत नव्हते, बँक संगणकाकडे बोट दाखवत होती, संगणक कोणाकडेच दाखवत नव्हता. मदतकेंद्राच्या त्या उत्तराशी याचे नाते मला तरी जवळचे वाटते.

पुराव्याच्या बाबतीत आपला कायदा एका दृष्टीने इंग्लंडपेक्षा बरा आहे. संगणक नीट चालत होता हे फिर्यादी पक्षाने दाखवावे, ही १९८४ च्या कायद्यातील अट इंग्लंडने १९९९ मध्ये काढली. तेव्हापासून उलट दिसेपर्यंत यंत्र बरोबर, असे तिथली न्यायालये धरून चालतात. हे गृहीतक बदलावे का, याचा विचार आता तिथल्या सरकारने सुरू केला आहे. आपल्याकडे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. माणसाचे नाव आणि सही तिथे आधीच आहे. पण यंत्र व्यवस्थित चालू होते एवढेच ते प्रमाणपत्र सांगते, आणि होरायझनही बहुतेक वेळा व्यवस्थितच चालू असायचे. त्या नमुन्यात आणखी एक रकाना असावा: या प्रणालीत त्या काळात कोणत्या चुका ज्ञात होत्या, त्यांची नोंदवही कोणाकडे आहे आणि तिची प्रत आरोपीला कधी दिली.