बंदी 61 दिवसांची, बिल बारा महिन्यांचं

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद. माशांच्या विणीचा काळ, म्हणून बंदी आम्ही पाळतो. पण मीटर काही थांबत नाही. ऑगस्टमध्ये केरी, हरमल, मोरजीत होडी लोटायची वेळ येते तेव्हा डिझेल, बर्फ, जाळी आणि थकलेलं वीजबिल एकदमच दारात. वर विलंब आकार!

करोनाच्या काळात सरकारने थकबाकीदारांसाठी एकरकमी तडजोड योजना आणली होती. पण बंदीनंतर आमच्या हाती एकरकमी पैसा असतो कुठे?

आमचं म्हणणं सरळ आहे: माफी नको, मुदत द्या. जून-जुलैचं बिल ऑक्टोबरपर्यंत हप्त्यांनी, विलंब आकाराविना घ्या. संयुक्त वीज नियामक आयोगाच्या दर-सुनावणीत हे सगळ्यांनी लेखी मांडूया.

आणि ज्यांचं बिल थकलंय त्यांनी गप्प बसू नका. हप्त्यांसाठी वीज खात्यात आजच अर्ज द्या. जोडणी तुटल्यावर धावून काय उपयोग?