आतल्या खोल्यांचे फोटो नसलेलं घर

मंडळी, आज थोडं मोठं लिहितोय. विषय घराच्या जाहिरातींचा आहे, पण तो बँकेच्या लिलावापर्यंत जाणार आहे. ज्यांचं घर गहाण आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी घर विकायला काढलंय. मुलं पुण्यात, ती काही आता बार्शीला परत येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहिरात टाकली : बैठं घर, चार खोल्या, स्वतंत्र बोअर, रस्त्याला लागून, किंमत समक्ष बोलू. सोबत एकच फोटो, तोही फाटकाचा. फोन भरपूर आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, ‘आतले फोटो पाठवता का?’ काकांचं एकच उत्तर, ‘येऊन बघा की.’ बाहेरगावचे फोन तिथंच संपले. मग त्यांनी मला विचारलं, ‘नुसते फोटो नाहीत म्हणून गिऱ्हाईक तुटतं का रे?’

तुटतं, काका. पण सगळं तुटत नाही. कोण तुटतं आणि कोण टिकून राहतं, ते बघायला पाहिजे.

पुण्यात नोकरी करणारा, म्हातारपणी गावाकडं यावं म्हणून घर शोधणारा माणूस एका रविवारी दोनच घरं बघू शकतो. ज्या घरातलं काहीच दिसत नाही त्यासाठी तो दोनशे किलोमीटर गाडी हाणत येणार नाही. शिक्षक, नर्स, एसटीतले कर्मचारी, बदली होऊन आलेली माणसं, यांचंही तसंच. आणि टिकतो कोण? ज्याला फोटोची गरजच नाही तो. त्यानं घर आतून पाहिलंय. शेजारच्याच्या बारशाला तो तिथं जेवलाय. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे, जिन्याखाली मोरी आहे, मुलांना विकायची घाई आहे, हे सगळं त्याला ठाऊक आहे. एकतर तो शेजारी असतो, नाहीतर घरं घेऊन टाकणारा गावातला गुंतवणूकदार. तो घाई करत नाही. चार महिने थांबतो आणि मग एक आकडा सांगतो.

फोटो न टाकण्याची कारणं खोटी असतात असं मी म्हणत नाही. घरात लेकीसुना असतात, देव्हारा असतो, तिजोरीचं कपाट असतं. परक्या माणसाच्या मोबाइलमध्ये आपलं शेजघर कशाला? भाडेकरू असला तर तो फोटो काढू देत नाही. आमच्याकडचे एजंट वेगळ्याच कारणानं फोटो लपवतात. बाहेरचा फोटो टाकला की गिऱ्हाईक घर ओळखतं, थेट मालकाकडं जातं आणि यांचं कमिशन बुडतं. म्हणून माझा एक साधा हिशोब आहे. बाहेरचा फोटो नसला तर एजंटची भीती समजावी, आतला नसला तर घराची चौकशी करावी.

ही चौकशी करायची तसदी बहुतेक लोक घेत नाहीत, ते सरळ वाईट धरून चालतात. जॉर्ज अकर्लॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं. विकणाऱ्याला मालाची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा चांगल्या मालालाही खराब मालाचा भाव लावतो. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या बैलबाजारात दात न दाखवणाऱ्या बैलाला काय भाव येतो हे शेतकऱ्याला त्याच्याही आधीपासून माहीत होतं, पण असो.

आता फोटोही खोटं बोलतात. मोबाइलच्या वाइड लेन्समध्ये दहा बाय दहाची खोली हॉल दिसते, ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी मारली की दोन महिने कळत नाही. फोटो बघून कुणी घर घेऊ नये. सिटी सर्व्हेचा उतारा, नगरपालिकेची करपावती, वकिलाचा सर्च रिपोर्ट, हे सगळं बघायचंच. फोटोचं काम माणसाला दारापर्यंत आणायचं. काकांना मी तेवढंच सांगितलं : माणसं आणि देव्हारा वगळून, दिवसाउजेडी, खिडक्या उघडून चारही खोल्यांचे फोटो काढा. ओल आहे तिथलाही काढा. ते त्यांचं घर आहे, ऐकायचं का नाही हे ते ठरवतील.

खरी अडचण पुढं आहे. ज्याचं घर लिलावात जातं त्याला हे ठरवायचा हक्क नसतो. त्याचं घर दुसराच कुणी विकत असतो, आणि ते घर किती लोकांना दिसावं हेही तोच ठरवतो.

माझ्या टेबलावर रोज लिलावाच्या नोटिसा येतात. वृत्तपत्रात काम करतो, त्यामुळं हेही सांगून टाकतो की या नोटिसांच्या पैशावर आमच्यासारख्या पेपरांचा बराच खर्च निघतो. नोटीस कशी असते तुम्ही पाहिलीच असेल. मुंगीएवढं अक्षर. कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं, थकबाकीचा आकडा, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, राखीव किंमत, इसारा रक्कम. आणि शेवटी ‘जसे आहे जेथे आहे’. कर्जदाराचं नाव आणि पत्ता सगळ्या तालुक्याला वाचता येईल असा छापतात. घरात खोल्या किती, स्लॅब आहे का पत्रे, पाणी आहे का, यातलं एक अक्षर नसतं. म्हणजे अब्रू जायची ती जातेच, गिऱ्हाईक मात्र येत नाही.

आता कायदा बघू. २००२ च्या सरफेसी कायद्यात बँक आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते, मग ताबा घेते, मग लिलाव करते. कोर्टात जावं लागत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०२० साली शिक्कामोर्तब केलं. तो खटला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचाच होता. या कायद्याखालच्या नियमांत विक्रीच्या नोटिशीत काय असावं ते लिहिलंय. मिळकतीचं वर्णन, माहीत असलेले बोजे, राखीव किंमत वगैरे. आणि त्यात एक कलम असं आहे की खरेदीदाराला मिळकतीचं स्वरूप आणि मूल्य ठरवता यावं म्हणून जी गोष्ट महत्त्वाची वाटेल, ती अधिकाऱ्यानं नोटिशीत द्यावी.

घराचं स्वरूप आणि मूल्य ठरवायला आतल्या खोल्यांपेक्षा महत्त्वाचं काय असतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

एका बँकेच्या शाखेत हा प्रश्न मी विचारलाही. बँकेचं नाव घेत नाही. साहेब हसले. म्हणाले, ‘अहो पत्रकार, ज्याला घ्यायचंय तो येऊन बघतो. तपासणीची तारीख दिलेली असते की.’ त्या तारखेला किती जण आले होते, असं विचारलं. चहा मागवला गेला, उत्तर आलं नाही.

तपासणीची तारीख दिलेली असते हे खरं. पण पुष्कळ घरं लिलावाला येतात तेव्हा बँकेकडं नुसता सांकेतिक ताबा असतो. म्हणजे दारावर कागद चिकटवलेला, आणि आत कुटुंब राहतंय. त्या बाईच्या चुलीपाशी जाऊन ‘जरा घर दाखवा, लिलावात घ्यायचंय’ असं कोण म्हणणार? सभ्य माणूस म्हणणार नाही. तो बोलीच लावणार नाही. ज्याला असल्या गोष्टींचा धंदाच करायचाय तो न बघता बोली लावतो, आणि न बघण्याची किंमत त्या घरातूनच कापून घेतो.

पैशाचं गणितही नव्या माणसाला पेलणारं नसतं. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी २५ टक्के भरायचे. विक्री कायम झाल्यावर उरलेले १५ दिवसांत, लेखी मुदतवाढ मिळाली तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत. नाही भरले तर भरलेले बुडाले. पगारदार माणूस एवढी उडी न बघितलेल्या घरासाठी घेईल का? मी तरी घेणार नाही.

यात कर्जदाराचं काय जातं ते आकड्यात सांगतो. समजा थकबाकी व्याज-खर्चासह २१ लाख आहे. घर बाजारात २८ लाखांचं आहे, राखीव किंमत २२ लाख. चार खरे गिऱ्हाईक आले असते तर घर २८ ला गेलं असतं आणि कायद्याप्रमाणं वरचे ७ लाख कर्जदाराला परत मिळाले असते. एकच बोलीवाला आला आणि २२ वर थोडंफार चढवून घेऊन गेला, तर कर्जदाराच्या हातात लाखभर रुपये. कुणीच आलं नाही तर पुढच्या खेपेला राखीव किंमत खाली येते. ती २१ च्या खाली गेली तर घर जाऊनही कर्ज शिल्लक, आणि त्या शिल्लकीसाठी बँक पुन्हा कर्जदार नि जामीनदारांच्या मागं. त्या ७ लाखांत पुन्हा कुठंतरी दोन खोल्या झाल्या असत्या, किंवा पोरीचं शिक्षण.

बँकेला मात्र घाई असते ती तिच्या २१ लाखांची. वरच्या ७ लाखांसाठी फोटोग्राफर पाठवायची तिला गरज वाटत नाही. बँकवाले सगळे दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही, व्यवस्थाच तशी आहे. ज्याचं नुकसान होतं त्याच्या हातात जाहिरात नाही.

बरं, फोटो नाहीत असंही नाही. कर्ज देताना बँकेचा मूल्यांकनकार घरी आला होता. त्यानं खोल्या मोजल्या, फोटो काढले, अहवालाला जोडले. नगरपालिकेनं मंजूर केलेला नकाशाही त्याच फाइलीत आहे. लिलावाआधी पुन्हा मूल्यांकन करून घेणं नियमानं बंधनकारक आहे. म्हणजे घर आतून कसं आहे याचे कागद बँकेच्या कपाटात पडलेत. ते फक्त बोली लावणाऱ्याला दाखवत नाहीत.

सरकारलाही ही गोष्ट कळत नाही असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते सरकारी बँकांच्या लिलावासाठी ‘ई-बिक्रय’ सुरू झालं, तेव्हाच त्यावर मिळकतींचे फोटो आणि व्हिडिओ टाकायची सोय आहे असं जाहीर केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या जागी ‘बँकनेट’ आलं. सोय आहे, पण वापर बघा. मी चाळल्या त्या नोंदींत फोटो होते ते पुष्कळदा दर्शनी भिंतीचे. एका ठिकाणी तर बंद शटर आणि त्याच्यापुढं उभी मोटारसायकल. आणि आपल्याकडच्या पतसंस्थांचं तर तेवढंही नाही. त्यांची वसुली १९६० च्या सहकार कायद्यानं चालते. त्याच्या नियम १०७ मध्ये लिलावाआधी गावात दवंडी द्यायची तरतूद आहे. दवंडी शेवटची कधी ऐकली, आठवून बघा.

उलट बिल्डरला काय करावं लागतं? १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराच्या नियमाप्रमाणं नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापावाच लागतो. मोबाइल धरला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, सगळं समोर. नफ्यासाठी घर बांधणाऱ्यावर ही सक्ती आहे. दुसऱ्याचं राहतं घर विकणाऱ्यावर का नाही? मुंगीएवढ्या अक्षरांच्या नोटिशीतही क्यूआर कोड बसतो. जागा किती लागते हे मला विचारा, पानं मीच लावतो.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला पटतो. आत माणसं राहत असताना त्यांच्या घराचे फोटो जगाला दाखवायचे का? दाराला कागद लागल्यावर त्या पोरांना शाळेत काय ऐकावं लागतं हे आपल्याला माहीत आहे. वर त्यांच्या भांड्याकुंड्यांचे फोटो नकोत. जबरदस्तीनं तर अजिबात नकोत. म्हणून माझी मागणी थोडी वेगळी आहे. घर रिकामं असेल, बँकेकडं प्रत्यक्ष ताबा असेल, तर प्रत्येक खोलीचा फोटो सक्तीचा करा. माणसं राहत असतील तर कुटुंबाला लेखी विचारा. नाही म्हणाले तर फोटो राहू द्या, पण नकाशा द्या, खोल्यांची मापं द्या, बांधकामाचं साल, छत कसलं, पाण्याची सोय कसली ते द्या. नकाशात कुणाची अंथरुणं दिसत नाहीत.

आणि कुटुंबाला विचारताना हेही सांगा की बोली चढली तर वरचे पैसे तुमचे आहेत. नोटिसा आलेल्या बऱ्याच लोकांशी मी बोललोय. वरचा पैसा आपल्याला परत मिळतो हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटतं घर गेलं म्हणजे सगळं गेलं, मग दार लावून बसतात, बघायला आलेल्याला शिव्या घालतात. स्वाभाविक आहे. पण त्यात फायदा होतो तो न बघता घेणाऱ्या त्या एकट्याचा.

तालुक्यातल्या बँका आणि पतसंस्थांच्या अधिकाऱ्यांना याच मजकुराचं पत्र सोमवारी देणार आहे, प्रत जिल्हा उपनिबंधकांना. ज्यांच्या घराची लिलावाची नोटीस निघालीय त्यांनी मला इनबॉक्स करा, नाव कुठंही येणार नाही. तोवर स्वतः एक अर्ज करा : मूल्यांकनाच्या अहवालाची आणि मंजूर नकाशाची प्रत मागा, आणि ती लिलावाच्या माहितीसोबत जोडा असं लिहून द्या. पोच घ्यायला विसरू नका.