सर्वांची वामकुक्षी

हल्ली आपल्याकडची पुष्कळ मंडळी व्हिएतनामच्या सहलीला जाऊन येतात. हा लाँगच्या खाडीचे कौतुक सांगून झाले की एक तक्रार हटकून निघते. "काय हो ते शहर! भर दुपारी कचेऱ्या बंद, वस्तुसंग्रहालय बंद, आणि दुकानदारीण गल्ल्याशीच झोपलेली!" तक्रार खरी आहे, तिच्यातला सूर मात्र मला पटत नाही.

त्या झोपेला तिकडे 'ङू चुअ' म्हणतात. 'ङू' म्हणजे झोप, 'चुअ' म्हणजे मध्यान्ह. (आपल्या वर्णमालेतला जवळजवळ पेन्शनीत निघालेला ङ तिकडे रोज कामावर असतो!)

कामानिमित्त मी हानोईत काही दिवस होतो, तेव्हा एका कचेरीत हा प्रकार जवळून पाहिला. साडेअकराला सगळे जेवायला उठले. बाराच्या सुमारास कोणी तरी दिवे मालवले, पडदे ओढले. टेबलांखालून घडीच्या खाटा निघाल्या, कोणी चटई अंथरली, कोणी कपाटातून उशी काढली. मोठे साहेब एका खाटेवर, हिशेब लिहिणारी मुलगी पलीकडे, शिपाई दाराशी चटईवर. पाच मिनिटांत सारे गाढ! मलाही एक खाट मिळाली. पण चारचौघांत, तेही कचेरीत, बूट काढून आडवे व्हायचे म्हणजे कसेसेच वाटते. मी आपला छताकडे बघत पडून राहिलो. नंतर शेजारच्या बाईंनी विचारले, "झोप नाही लागली? तुमच्याकडे लोक दुपारी काय करतात?"

"जागे राहतात."

"कशासाठी?"

याला मला उत्तर सुचेना.

आपल्याकडे वामकुक्षी म्हणजे बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचा सुटीच्या दिवशीचा मान. तो लवंडतो तेव्हा मागची आवराआवर करणारी बाई जागीच असते. तिकडच्या कचेरीत मी पाहिली ती सर्वांची मिळून झोप होती. त्या वेळात कोणी कोणाला फोन करीत नाही, आणि झोपलेल्याला कोणी हसत नाही.

याला आळस म्हणाल तर हिशेब करा. हानोईच्या होआन कियम तळ्याकाठी पहाटे पाचलाच व्यायाम करणाऱ्यांची गर्दी असते. साडेसात-आठला कामे सुरू होतात, दुपारी थांबून दीडच्या सुमारास पुन्हा सुरू होतात, आणि संध्याकाळपर्यंत आठ तास भरतातच. मूळ सारे भातशेतीत आहे. उन्हाआधी चिखलात उतरायचे, सूर्य डोक्यावर आला की बाहेर यायचे, कलला की परत. शेत सुटले, शहर आले, तरी देह त्याच घड्याळावर चालतो. शिवाय सवय लहानपणीच लावतात. दिवसभर शाळेत राहणारी प्राथमिक वर्गांतली मुले तिथेच जेवतात आणि वर्गातच झोपतात. बाई लक्ष ठेवतात.

ज्याला कचेरी नाही तोही झोपतोच. मोटारसायकलवरून भाडे नेणारा आपल्याच गाडीच्या आसनावर उताणा, पाय हँडलवर. बाजारातली कापडवाली ताग्यांवर. दक्षिणेकडे हमरस्त्याच्या कडेला तर झोळ्या टांगलेली कॉफीगृहे आहेत. एक पेला घ्या आणि झोळीत हवे तितके पडा. ब्राझीलच्या खालोखाल जगाला सर्वांत अधिक कॉफी पुरवणारा हा देश. दुनियेला जागे ठेवायचे आणि आपण झोपायचे! "पोटाची कातडी ताणली की डोळ्यांची ढिली पडते," अशी तिकडे म्हणच आहे.

पण ही झोप आता आखडते आहे, आणि तेच मला बोचते. २०१९ चा कामगार कायदा २०२१ पासून लागू झाला. सहा तास किंवा अधिक काम करणाऱ्याला दिवसा सलग निदान ३० मिनिटे विश्रांती द्यावी, असे तो सांगतो, रात्रपाळीला ४५. तीस मिनिटांत जेवण, हात धुणे आणि झोप कशी बसवायची? अनेक खासगी कंपन्यांत तासाभराचीच सुट्टी असते. घरे लांब, म्हणून टेबलाखालची खाट. शिवणकामाच्या कारखान्यांत तर मुली घाईने चार घास खातात आणि यंत्रांच्या रांगांमध्ये खोक्याचा पुठ्ठा पसरून पडतात. शेतातल्या माणसाला सूर्य उठवीत असे, यांना घंटा उठवते.

तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी कचेरीतली कामे अकराच्या आत उरकावीत, वस्तुसंग्रहालयाच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात, आणि साडेअकरा ते दीड कोणालाही फोन करू नये. खाट पुढे केली तर नाही म्हणू नये.