१५ मार्चनंतर कुठे?

दिल्लीत १५ नोव्हेंबरला बेघरांसाठी तंबू उभे राहतात आणि १५ मार्चला उतरवले जातात. या चार महिन्यांत दिल्ली शहरी निवारा सुधार मंडळाच्या गाड्या रात्री फिरतात, पुलाखाली कुडकुडणाऱ्यांना ‘रैन बसेऱ्या’त, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यात, आणून सोडतात. पारा चार अंशांवर उतरतो तेव्हा एका ब्लँकेटने जीव वाचतो. म्हणून या हंगामी सोयीला कुणी नावे ठेवू नयेत. प्रश्न ती संपते तेव्हाचा आहे.

ही सोय सरकारच्या दयाबुद्धीतून आलेली नाही. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन कडाक्यात, पुसा रोडवरचा निवारा महापालिकेने पाडला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना बजावले: लाखभर लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, तोही बाराही महिने, चोवीस तास. आदेश बारमाही निवाऱ्याचा होता. दरवर्षी गाजावाजा होतो तो तंबूंचा.

२०११ च्या जनगणनेने दिल्लीत सुमारे ४७ हजार बेघर मोजले. बेघरांमध्ये काम करणाऱ्या संस्थांच्या मते खरा आकडा याच्या कितीतरी पट आहे. तरीही काही निवाऱ्यांतल्या गाद्या रिकाम्या राहतात आणि अधिकारी ‘लोकच येत नाहीत’ म्हणून मोकळे होतात. का येत नाहीत, हे जुन्या दिल्लीत रात्री हिंडले की कळते. जामा मशिदीच्या परिसरात रात्रीपुरती रजई भाड्याने मिळते. दिवसभर ओझी वाहणारा हमाल कमाईतले पैसे मोजून ती घेतो आणि उघड्यावर झोपतो, कारण पहाटे माल उतरवायला तो तिथेच हजर असावा लागतो. हातगाडीवाल्याला गाडी सोडून जाता येत नाही. ती चोरीला गेली तर उद्याची भाकरी गेली. लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा मध्यरात्रीनंतर सुटतो. बायकोमुले बरोबर असतील तर पुरुषांच्या निवाऱ्यात कुटुंबाला जागा नसते. ही माणसे कामकरी आहेत. निवारा त्यांच्या कामाजवळ हवा, सामानाला कुलूपबंद जागा हवी, उशिरा येणाऱ्यालाही दार उघडे हवे आणि कुटुंबांसाठी वेगळी खोली हवी. नुसत्या खाटा मोजून हे साधणार नाही.

तंबू निघतात आणि पाठोपाठ उन्हाळा येतो. जून २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत दिल्लीच्या रस्त्यांवर बेघर मोठ्या संख्येने दगावल्याचे बेघरांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने नोंदवले. तेव्हा सावली आणि पाणी देणारा निवारा ब्लँकेटइतकाच निकडीचा होता.

महाराष्ट्राने याकडे दिल्लीची गोष्ट म्हणून पाहू नये. मुंबईची लोकसंख्या २०११ मध्येच १ कोटी २४ लाख होती. न्यायालयाच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. इथे थंडी जीवघेणी नसते, पण पावसाळा असतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचीही गणना बेघरांतच व्हायला हवी. नागपुरात तर डिसेंबर-जानेवारीतली थंडी आणि मे महिन्यातले ऊन, दोन्ही अंगावर येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकांची अंदाजपत्रके मांडली जातात. रेल्वे स्थानके, बाजारपेठा आणि मोठी सरकारी रुग्णालये यांच्याजवळच्या बारमाही निवाऱ्यांसाठी त्यांत स्वतंत्र तरतूद हवी, आणि किती निवारे कोणत्या महिन्यापर्यंत सुरू होतील हे आयुक्तांनी सभागृहात लेखी सांगावे.